निळ्या गाडीचे सायलेन्सर

१

“आत्या, गाडीचा गळा कापलाय कुणीतरी. आत्ताच्या आत्ता या.”

भाचेसुनेचा फोन आला तेव्हा मी दात घासत होते. तिचा स्वर असा, की मला वाटलं माणूसच गेलं कुणीतरी. तोंडातला फेस थुंकून विचारलं, “कुणाला लागलंय का?”

“माणसांना काही झालेलं नाही. आमच्याकडे माणसांना काही होतच नाही, सगळं गाड्यांनाच होतं.”

मी विम्याची सर्व्हेअर होते. चेपलेल्या, जळलेल्या, पाण्यात बुडालेल्या गाड्या तपासायच्या आणि मालक खरं बोलतोय की थापा मारतोय ते ठरवायचं, यात माझी उमर गेली. त्यातून एवढंच शिकले, की माणसं बोलतात आणि गाड्या सांगतात. निवृत्त झाल्यापासून नातेवाईक मला दोनच कामांना बोलावतात. जुनी गाडी विकत घ्यायची असली की, आणि घरात काही हरवलं की.

माझ्या भाच्याला सगळे ठोक्या म्हणतात. रांगायला लागला तेव्हापासून हातात हातोडी. हातोडी नसेल तर वाटी. आता त्याचं गल्लीच्या टोकाला वर्कशॉप आहे. तिथे तो हॉट रॉड बनवतो. म्हणजे काय, तर भंगारात निघालेली जुनी गाडी आणायची, तिचं छप्पर कापून बुटकं करायचं, पोट जमिनीला टेकेल इतकं खाली आणायचं, आणि पुढे तिच्या मूळ ताकदीच्या दुप्पट इंजिन बसवायचं. हे सगळं स्वतःच्या हाताने, पत्रा ठोकून. अशी गाडी रस्त्यावरून गेली की लोक बोलता बोलता थांबतात.

मी पोचले तेव्हा शटर अर्धं वर होतं. बाजूचं बटण दाबलं. घंटा वाजली नाही, आतल्या भिंतीवर लाल दिवा पेटला. ग्राइंडर चालू असला की घंटा ऐकू जात नाही, म्हणून ठोक्याने घंटा काढून हा दिवा लावला होता.

आत मधोमध ती गाडी उभी होती. गडद निळी, नव्याने अंघोळ घातलेल्या म्हशीसारखी तुकतुकीत. तिच्या दोन्ही अंगांना, दारांच्या खाली, दोन लांब सायलेन्सर मी गेल्या आठवड्यात पाहिले होते. आता तिथे नुसती फट होती.

ठोक्या पाठमोरा उभा राहून पत्र्याच्या तुकड्यावर कानस मारत होता. मी हाक मारली. परत मारली. पठ्ठ्याची मान वळेना.

“बघा,” भाचेसून म्हणाली. “माझंही हेच. ऐकतच नाही.”

मला हसू आलं. नवरा आपलं ऐकतो असं म्हणणारी बायको मी तरी अजून पाहिलेली नाही. मी पुढे गेले, माझी सावली त्याच्या टेबलावर पडली, तेव्हा दचकून वळला.

“अगं आत्या! तू कधी आलीस?”

“मघाशीच. चोरी झाली म्हणे.”

“हो ना. जाऊ दे. मी नवे बनवतो. काकांना सांगू थोडं थांबा म्हणून.”

इतकंच. महिनोन् महिने खपून बनवलेले सायलेन्सर गेले आणि हा ‘जाऊ दे’ म्हणाला. लहानपणी याचा एक स्क्रू हरवला तर घर डोक्यावर घ्यायचा.

मी चटईवर आडवी झाले आणि विजेरी घेऊन गाडीखाली सरकले. ठोक्या पलीकडे वाकून बघत होता. मी खालूनच विचारलं, “वर्कशॉपची चावी कुणाकुणाकडे असते रे?”

“चहा? घे की. हिला सांग, टाकेल.”

“चावी म्हणाल्या त्या!” भाचेसुनेने कपाळावर हात मारला. “चावी याच्याकडे, माझ्याकडे आणि कोटकडे. कुलूप जसंच्या तसं आहे. दुसरं काही गेलेलं नाही.”

मी मात्र खाली पडल्या पडल्या बघत राहिले. चोराने काहीही कापलं नव्हतं. नट सोडवून सायलेन्सर काढले होते, आणि मग ते नट परत ज्याच्या त्याच्या बोल्टवर हाताने फिरवून लावून ठेवले होते, हरवू नयेत म्हणून. इंजिनाच्या धुराच्या वाटा उघड्या पडतील, आत धूळ जाईल, म्हणून त्यांत मऊ पांढऱ्या फडक्यांचे बोळे कोंबले होते.

इतक्या वर्षांत मी पुष्कळ चोर पाहिले. गाडीला थंडी वाजेल म्हणून पांघरूण घालून जाणारा चोर पहिल्यांदाच पाहत होते.

२

कोट म्हणजे रंगारी. कुठलीही गाडी बघितली की “अजून एक कोट मारायला पाहिजे” म्हणायचा, म्हणून कोट. वय माझ्याएवढं, संसार केला नाही, जीव सगळा रंगात. प्लास्टिकचे पडदे लावलेल्या खोलीत तो तोंडावर जाड मास्क चढवून दुसऱ्याच एका गाडीचं बॉनेट घासत होता. मी खूण केली तसा मास्क गळ्यात उतरवला.

“ताई, मला विचाराल तर हा माणूस बदललाय. आमचं बोलणं बंद आहे.”

“का?”

“त्या पुढच्या दारामुळे. शेवटचा हात दिला होता, रंग ओला होता. मी इथूनच ओरडलो, दार लावू नकोस! याने माझ्याकडे बघितलं, मान डोलावली, आणि धाडकन लावलं. रंग चौकटीला चिकटून निघाला. मुद्दाम केलं. मला सगळं दार घासून पुन्हा रंगवावं लागलं.”

“मुद्दाम कशाला करेल?”

“ते त्याला विचारा. आणि गाड्यासुद्धा बघा. पूर्वी याच्या गाड्यांचा आवाज कसा असायचा? भरलेल्या छातीचा. आता करकरतात. ही तर सगळ्यांवर कडी. परवा चालू केली तेव्हा माझे दात शिवशिवले. मी सांगायला गेलो तर हा बॉनेटवर पालथा हात ठेवून उभा, पोराचा ताप बघावा तसा. पूर्वी इंजिन चालू झालं की शेजारच्या गल्लीतून सांगायचा, अमुक प्लग मेलाय म्हणून.”

गाडीखालून काढून आणलेला एक बोळा मी खिशातून काढून त्याच्यापुढे धरला. कोट लालबुंद झाला.

“हे माझं फडकं! रंगाआधी पुसायचं! याचा धागा सुटत नाही, म्हणून मी कुलपात ठेवतो. हे तेलकट भोकात कोंबलं? कोण तो हलकट?”

“कुलपाची जागा कुणाला माहीत आहे?”

“ठोक्याला. आणि त्याच्या बायकोला.” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “पण ताई, मला संशय शेजारच्या गाणंबाईंचा, त्या गाण्याच्या शिकवण्या घेतात त्यांचा. इंजिन चालू झालं की भिंत बडवायच्या, हल्ली ते एकदम बंद. सायलेन्सर नाहीत म्हणजे गाडी चालू करायची सोय नाही. कुणाला सुख? त्यांनाच.”

तेवढ्यात बाहेर लाल दिवा पेटला. गाडीचा मालक आला होता. सगळे त्याला सायरनकाका म्हणायचे, कारण जन्मभर त्याने अँब्युलन्स चालवली. उंच, वाकलेला, हातात उगाच टोपी फिरवणारा माणूस. सायलेन्सर गेल्याचं भाचेसुनेने त्याला सांगितलं नाही. “थोडं फिनिशिंग राहिलंय काका,” म्हणाली. त्याने गाडीच्या छपरावरून एक बोट फिरवलं, जरा बिचकतच.

“माझी घाई नाही,” तो ठोक्याला म्हणाला. “फक्त आवाज तेवढा चांगला काढ बाबा. आयुष्यभर लोक माझ्या गाडीचा आवाज ऐकून घाबरले. आयांनी पोरांना जवळ ओढलं. आता शेवटी शेवटी एक तरी गाडी अशी चालवायची आहे, की जिचा आवाज ऐकून लोक खिडकीत येतील. हसत.”

ठोक्या त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. पापणी लवत नव्हती. काका बोलायचा थांबला तेव्हा ठोक्याने मान खाली घातली आणि म्हणाला, “होईल काका. चांगला होईल.”

मी बाजूला उभी होते. माझ्या भाच्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

३

भाचेसून माडीवरच्या खोलीत सीटा शिवते. त्या वर्कशॉपच्या सगळ्या गाड्यांचं अंतरंग तिच्या हातचं. मी वर गेले तेव्हा ती मशीनवर होती, पण सुई एकाच जागी खालीवर होत होती.

“चोर घरातला आहे ना, आत्या?”

“असं का म्हणतेस?”

“सायलेन्सर नाहीत हे सकाळी आधी मला दिसलं. मी किंचाळले. हा आला, बघितलं, आणि...” ती थांबली. “त्याला बरं वाटलं. नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं बरं वाटणं बायकोला कळतं.”

साक्षीदार बोलायला लागला की आपण गप्प बसायचं, हे कुणी शिकवायला लागत नाही.

“मला वाटतं याला आता काहीच नकोय. ही गाडी नको, हे काम नको. मी नको. आधी खाली रेडिओ लावायचा, दिवसभर गुणगुणायचा. बेसूर, पण गुणगुणायचा. आता नाही. मी काही सांगितलं तर हो हो करतो आणि भलतंच करून येतो. चार माणसांत गेलो की हा कोपरा धरून बसतो. मग रात्री दिवा मालवला की मी अंधारात त्याच्या पाठीशी बोलते. रागाने नाही हो, समजुतीने. इतकं काही काही सांगितलं मी. पण हा कूससुद्धा बदलत नाही.” तिने दोरा तोडला. “चोर सापडला नाही तरी चालेल मला. पण एवढं सांगा, याचं मन कुठे गेलंय?”

तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मी खाली उतरले. डोक्यात सगळं तुकड्या तुकड्यांनी पडलं होतं. चोराकडे चावी होती. त्याला नटाबोल्टांची कदर होती. कोटने आपलं लाडकं फडकं तेलात बुडवलं नसतं, हातरुमाल कोंबला असता. भाचेसुनेला तर गाडी कधी एकदा जाते असं झालं होतं, आणि मला बोलावलं ते तिनेच. मग राहिला एकच. पण माणूस स्वतःचं काम स्वतःच का चोरेल? आणि नेऊन ठेवेल कुठे? जवळजवळ माणसाच्या उंचीचे दोन नळ काही खिशात मावत नाहीत.

मोकळ्या हवेसाठी मागच्या अंगणात आले. मध्ये कमरेएवढी भिंत, पलीकडे गाणंबाईंचं मागचं दार. बाईंचा टापटिपीचा लौकिक मोठा. पायरी अशी धुतलेली, की तिच्यावर जेवायला बसावं.

त्या पांढऱ्या पायरीच्या कोपऱ्यात काजळीचं एक काळं वर्तुळ उमटलं होतं. अगदी गोल, आतून पोकळ. कुणीतरी नळ उभा टेकवावा तसं.

४

गाणंबाईंनी पुढचं दार उघडलं आणि मला बघून हसल्या. हसू जरा उशिरा आलं. सत्तरीच्या, बारीक अंगाच्या, केसांचा घट्ट अंबाडा. बोलायच्या तेव्हा प्रत्येक अक्षर धुऊन, वाळवून, घडी घालून तुमच्या हातात द्यायच्या.

“या. ठोक्याच्या आत्या ना तुम्ही?”

“हो. बाई, भिंत बडवणं बंद केलंत म्हणे तुम्ही.”

“सवय झाली हो आवाजाची.”

खोलीत पियानो, चार खुर्च्या, आणि खिडकीखाली एक दिवाण. दिवाणावर फुलाफुलांची चादर, आणि चादरीखाली दोन लांब उंचवटे, दोन माणसं शेजारी झोपावीत तसे. मी सरळ जाऊन चादर उचलली.

सायलेन्सर होते. खाली जुनं ब्लँकेट अंथरलेलं, ओरखडा उठू नये म्हणून.

बाई जागच्या हलल्या नाहीत. एक श्वास घेतला, गाण्याआधी घेतात तसा, आणि म्हणाल्या, “मी चोरले.”

“तुम्ही?”

“हो. आवाज सहन होत नव्हता. पोलिसांना बोलवा हवं तर.”

“बसा बाई,” मी म्हटलं. “कसे काढलेत?”

“पान्याने.”

“चावी?”

“शटर उघडं होतं.”

“बरं. आणि नट कुठे टाकलेत?”

त्यांनी अंबाडा चाचपला. “फेकून दिले.”

“आणि ती फडकी?”

“कसली फडकी?”

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत टेकले. खोट्या दाव्यांचा मला राग यायचा, पण हा दावा इतका प्रेमळ होता की त्या बाईंचा हात हातात घ्यावासा वाटला. मी घेतलाही.

“नट गाडीवरच आहेत, बाई. आणि फडकी तुम्हाला ठाऊकच नाहीत. एक सायलेन्सर भिंतीवरून इकडे द्यायचा तर माझ्या भाच्यालासुद्धा मध्ये दम खायला लागला, पायरीवर टेकवावा लागला. तुम्ही कुणाला तरी शब्द दिलाय. तो मोडायचा नाही म्हणून स्वतःच्या डोक्यावर चोरी घेताय. बरोबर?”

बाईंनी हात सोडवून घेतला नाही.

“ठीक आहे, मीच बोलते. चुकलं तर थांबवा,” मी म्हटलं. “दारावरची घंटा काढून दिवा लावला. रेडिओ बंद, गुणगुणणं बंद. कोट मास्क घालून ओरडला तर दार लावलं. मास्क नसता तर लावलं नसतं. इंजिनाला कान देत नाही, हात लावतो. चावी म्हटलं की चहा ऐकतो, कारण मी गाडीखाली होते, माझं तोंड त्याला दिसत नव्हतं. आणि काका समोर उभा राहून बोलला तेव्हा एक अक्षर चुकलं नाही. त्याची बायको म्हणते हा ऐकत नाही. आम्ही सगळे हसतो, कारण सगळ्याच बायका तसं म्हणतात.”

मागच्या दाराची कडी वाजली. ठोक्या आत आला, हातात लोखंडी जाळीची गुंडाळी आणि आवाज शोषायला सायलेन्सरमध्ये भरतात त्या काचलोकरीची पिशवी. त्याला आधी चादर उचललेली दिसली. तो दिवाणाकडे वळून तसाच उभा राहिला. त्याची पाठ माझ्याकडे होती.

मी उठले. लहानपणापासून या पोराला पालीची इतकी भीती, की पाल दिसली तर घर सोडून पळायचा. मी त्याच्या मागे हातभर अंतरावर उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात, अगदी स्पष्ट, म्हणाले:

“ठोक्या, तुझ्या कॉलरवर पाल आहे.”

तो हललासुद्धा नाही.

५

मी फिरून त्याच्यासमोर गेले. त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. पोरगा आता केस पांढरे व्हायला लागलेला माणूस झालाय, पण गाल तेच.

“किती दिवस रे?” मी विचारलं. हळू, तोंड उघडून.

तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. मग त्याला रडू कोसळलं.

“दोनेक वर्षं असतील. आधी वाटलं कानात मळ आहे. मग वाटलं दमलोय. जाडे आवाज येतात, आत्या. इंजिनाची गुरगुर येते. बारीक आवाज येत नाहीत. पक्षी नाहीत, शिट्टी नाही. माणसांचं बोलणं भिंतीपलीकडून आल्यासारखं येतं. अर्धं मी जुळवून घेतो.”

मला कोटचं बोलणं आठवलं. गाड्या कर्कश का होत गेल्या ते कळलं. याला करकर ऐकूच येत नव्हती. प्रत्येक गाडी त्याला घोगरी वाटायची, म्हणून तो सायलेन्सरमधली लोकर काढत जायचा, जाळी मोकळी करत जायचा, आवाज खुलेल म्हणून. त्याला तो आवाज मंद वाटायचा आणि बाकीच्यांच्या कानांत खिळे जायचे.

“बाईंना कसं कळलं?”

आता बाई बोलल्या. “भांडायला गेले होते मी. दारातून ओरडले. धुळीमुळे तोंडावर रुमाल धरला होता. हा वळेना. मला वाटलं काय उद्धट माणूस आहे! मग पुढ्यात जाऊन उभी राहिले, रुमाल काढला, आणि रागात मी हळू बोलते, तशी हळू बोलले. तर हा रडायलाच लागला.”

“त्यांचं सगळं कळलं मला,” ठोक्या म्हणाला. “एकेक अक्षर. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा कुणाचं तरी बोलणं मला पूर्ण कळलं. म्हणून मग मी विचारलं, बाई, ही गाडी कशी वाजते, खरं सांगा. त्या म्हणाल्या, भांडतेय. मला वाटत होतं गातेय.”

काका गाडी न्यायला येणार होता. गाडी बाकी सगळी तयार, बायको ती द्यायच्या गडबडीत. ‘आवाज वाईट आहे’ म्हणायचं तर ‘तुला कधी कळलं? कसं कळलं?’ हे आलंच. आदल्या संध्याकाळी भाचेसून बाजारात गेली, कोट घरी गेला, आणि ठोक्याने स्वतःचे सायलेन्सर उतरवून भिंतीपलीकडे दिले. शत्रूच्या घरात कोण शोधणार? दिवस मिळतील, जाळी बदलता येईल, लोकर भरता येईल, आणि बाई सांगतील तसा आवाज बसवता येईल. एवढाच त्याचा बेत. बायको आत्याला बोलावील हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

“बायकोला का नाही सांगितलंस?”

तो बराच वेळ जाळीच्या तारा वाकवत राहिला.

“ती पहिल्यांदा आली ना, आत्या, स्कूटर घेऊन. मी आत होतो. स्कूटर अजून कोपऱ्यावर होती, तेव्हाच मी म्हटलं, हिचं बेअरिंग गेलंय. ती आत येऊन म्हणाली, तुम्ही न बघता कसं सांगितलंत? त्या दिवशी जशी बघत होती माझ्याकडे...” त्याने नाक पुसलं. “तो माणूस आता नाहीये. हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?”

“ह्याच,” मी म्हटलं. “दुसरं आहे का तुझ्याकडे?”

तो हसला. रडता रडता हसला.

आणि तेव्हाच मला दिसलं, की अंगणाकडच्या दारात भाचेसून उभी आहे. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. ठोक्याला ती दिसली नव्हती आणि तिची चाहूल तर त्याला लागणारच नव्हती.

६

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती त्याच्यासमोर आली, त्याने वर बघेपर्यंत थांबली, आणि म्हणाली, “बाईंना सांगितलंस. मला नाही.”

“अगं...”

“मी समजत होते तू ऐकत नाहीस. तुला ऐकू येत नव्हतं. या दोन्हींत किती फरक आहे, कळतंय तुला? दोन वर्षं मी रोज एका अशा माणसावर रुसत होते, जो नव्हताच.”

मग तिने एका सायलेन्सरचं टोक उचललं. “दुसरी बाजू धर. आधी गाडी.”

पुढचे काही दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. पण बोलायच्या आधी प्रत्येक वेळी त्याच्या खांद्याला हात लावायची आणि तो वळेपर्यंत थांबायची. तिला कुणी हे सांगितलं नव्हतं. कानाच्या डॉक्टरकडे त्याला तीच घेऊन गेली. आयुष्यभराच्या ठोकाठोकीने कान गेले, डॉक्टर म्हणाले. गेलेलं परत येणार नाही, पण यंत्राने बरंच भागेल. यंत्र बनून यायला वेळ होता. गाडी त्याआधीच करायची होती.

वर्कशॉपमध्ये एवढी भांडणं कधी झाली नसतील. ठोक्या जाळी बदलायचा, लोकर भरायचा, इंजिन चालू करायचा, आणि आम्ही चौघं रांगेत उभे. बाई म्हणायच्या, “खर्ज चांगला आहे, पण वर चिरतोय.” कोट मास्क खिशात घालून आता ठोक्याच्या तोंडासमोर येऊन, हातवारे करून सांगायचा, “अजून एक कोट! लोकरीचा!” दारावरून आरोप केल्याची त्याने माफी मागितली. खरं तर ठोक्याने मागायची होती, पण दोघांनीही मागितली आणि दोघांनाही बरं वाटलं. मला सगळेच आवाज सारखे वाटत होते, म्हणून मला दुसऱ्या दिवशीपासून रांगेतून काढून टाकलं.

भाचेसून मात्र काही बोलायची नाही. ती डोळे मिटून ऐकायची आणि मान हलवायची. नाही. नाही. अजून नाही.

एका दुपारी ठोक्याने इंजिन चालू केलं आणि बाई काही बोलणार, तोच भाचेसुनेने डोळे उघडले. तिने त्याचा हात धरून बॉनेटवर ठेवला, वर आपला हात ठेवला, आणि त्याला दिसेल अशा बेताने म्हणाली, “हा.”

“नक्की?”

“हा.”

बाईंनी तोंड मिटलं आणि मान डोलावली. कोटने डोळे पुसले आणि रंगाच्या वासावर ढकललं.

सायरनकाका गाडी घ्यायला आला, तेव्हा ठोक्याने त्याला बसवायच्या आधी सरळ सांगितलं, “काका, मला नीट ऐकू येत नाही. हा आवाज माझ्या बायकोने निवडलाय.” काकाने टोपी फिरवायची थांबवली. म्हणाला, “मग तर बघायलाच नको.” त्याने चावी फिरवली. गाडीने घसा खाकरला आणि बोलायला लागली. भारदस्त, पण लाडात आलेली. काका गल्लीतून हळूहळू गेला, पहिल्या वळणावर दिवा दाखवून वळला, आणि मग कितीतरी वेळ तो आवाज घरांच्या मागून येत राहिला.

कोट गेला. बाई आपल्या विद्यार्थिनींकडे गेल्या. मी पिशवी उचलली. ठोक्या रिकाम्या जागेवर झाडू मारत होता. भाचेसून जिन्यावरून खाली आली, त्याच्या खांद्याला हात लावला. तो वळला.

“मी रोज अंधारात तुला काहीतरी सांगायचे,” ती म्हणाली. “तू पाठ करून असायचास.”

“काय सांगायचीस?”

तिने माझ्याकडे बघितलं. मी समजले. आयुष्यभर लोकांच्या भानगडींत नाक खुपसून पगार घेतला, पण कुठे थांबायचं तेही त्यातच शिकले. बाहेर आले आणि शटर खाली ओढून घेतलं. पूर्ण खाली येत नाही ते, हातभर फट राहते.

तिने काय सांगितलं ते मला माहीत नाही. ती अगदी हळू बोलत होती. मला फक्त ठोक्या ऐकू आला.

“पुन्हा सांग,” तो म्हणाला.

ती बोलली. मग जरा वेळ काहीच नाही.

“पुन्हा सांग.”

पहिल्यांदा त्याला कळलं नव्हतं म्हणून त्याने विचारलं असेल. दुसऱ्यांदा कळलं नव्हतं म्हणून विचारलं, की कळलं होतं म्हणून, त्याचा तपास मी केलेला नाही.